पऱ्ह्याचा हिरवा

डोंग्याला आतून कोणता रंग लावायचा, हे शामकला ठरवणार होती. एकटी शामकला! बोदलकसा तलावाच्या काठावर उभं राहून तिनं तसं जाहीरच केलं, आणि तिचा आवाज असा, की पलीकडच्या काठावरचे बगळेसुद्धा दचकून उठले.

डोंगा, म्हणजे लाकडी नाव, बचत गटातल्या सहा बायांचा. जुना, पण सागाचा. थंडीत पक्षी बघायला येणाऱ्यांना त्यात बसवून तलावात फिरवायचं, असा बेत होता. सोमवारी जिल्ह्याच्या ऑफिसातून चेतना मॅडम तपासणीला येणार होत्या. त्यांची सही झाली की धंदा सुरू! बाहेरून निळा रंग देऊन झाला होता. राहिलं होतं फक्त आतलं अंग.

"आतून डांबर मार," शामकलाचा नवरा नंदलाल म्हणाला. पंचवीस वर्षं याच तलावात मासे धरणारा माणूस. त्याच्या मते जगातल्या प्रत्येक लाकडाला डांबर हाच इलाज होता.

"डांबर? लोकं बसाले येऊन राहिले का कोळसा भराले?"

"मंग तपकिरी मार. मळ दिसत नाई."

"मळ राहीनच कायले? मी का मेली हाय?"

नंदलाल जाळं विणत बसला. पण गाव बसलं नाही. ज्यानं जन्मात स्वतःच्या दाराला ब्रश लावला नव्हता, तोही पानठेल्यावरून उठून सल्ला देऊन गेला. कोणी म्हणालं राखाडी, कोणी म्हणालं काळा. दोन दिवसांत शामकलाचं डोकं उकळत्या भातासारखं झालं. तिनं ठरवलं, आता रंग घेताना डोंग्याचं नावसुद्धा कोणत्या पुरुषापुढे काढायचं नाही!

शुक्रवारी ती गटातल्या रुख्माला घेऊन गोंदियाला गेली. रंगाच्या दुकानात श्यामलाल सेठनं हिरव्या रंगांचं पुस्तक उघडलं.

"हा शेवाळाचा," शामकला एकेका चौकोनावर बोट ठेवत म्हणाली. "हा कारल्याचा. हा बेडकाच्या पोटाचा. अन् हा तर हिरवाच नाई, याले कावीळ झाली हाय."

"बहनजी, दुनिया में इतने ही हरे होते हैं!"

शामकलानं पिशवीतून ओल्या फडक्यात गुंडाळलेली पऱ्ह्यांची जुडी काढली. उन्हाळी धानाची कोवळी रोपं, सकाळीच उपटलेली. तिनं ती सेठच्या गल्ल्यावर ठेवली. "असा पायजे!"

सेठनं चष्मा चढवला. पांढऱ्या रंगात थेंब थेंब हिरवा टाकला, पिवळा टाकला, रोप शेजारी धरलं, मान हलवली, परत थेंब टाकला. तासाभरानं डब्यातला रंग आणि पऱ्हे शेजारी ठेवले तर कोणतं कोणतं ते कळेना!

"बाहर का काम है या अंदर का?"

"अंदरचं."

"कौनसा कमरा?"

शामकला थबकली. डोंगा म्हटलं की हाही डांबरावर येणार! "बसाची जागा हाय," ती म्हणाली.

"बैठक! समझ गया," म्हणत सेठनं झाकण ठोकलं.

"माय, डोंगा हाय म्हणून सांगून दे ना," बाहेर येताना रुख्मा कुजबुजली.

"त्याले कायले सांगाचं? रंग मी निवडतो, तो डबा देते!"

शनिवारी दोन हात मारले. रविवारी डोंगा असा दिसत होता, जणू नुकतंच उगवलेलं शेतच कोणीतरी तलावावर आणून बांधलंय! नंदलालनं बोट घासून पाहिलं. बोटाला काही लागलं नाही. तो मुकाट्यानं निघून गेला, आणि शामकलाला रात्रभर त्या मुकाटपणाचाच आनंद झाला.

सोमवारी मॅडम आल्या. फिकट मोतिया रंगाची कडक इस्त्रीची साडी, हातात फाइल. "वा!" त्या म्हणाल्या. "असा रंग मी कुठल्याच नावेत पाहिला नाही."

"मी निवडला!" शामकला म्हणाली. काठावरच्या पुरुषांना ऐकू जाईल इतक्या जोरात.

सहा बाया आणि मॅडम, सगळ्यांनी लाइफ जॅकेट घालून फेरी सुरू केली. वल्ही रुख्माच्या हातात. जुन्या डोंग्याच्या सांध्यांतून थोडं पाणी झिरपायचंच, वल्ह्याचे शिंतोडेही उडायचे. मध्यावर पोहोचेपर्यंत बसायच्या फळ्या ओल्या झाल्या आणि तळात घोटाभर पाणी जमलं. हिरवंगार पाणी!

"हे काय?" मॅडमनी पाय वर घेतले. "पाणी असं हिरवं का?"

शामकलानं खाली पाहिलं. काय झालं ते तिला कळलं, पण तोंड थांबलं नाही. "तलावाचं पाणीच तसं हाय मॅडम! लय ताकदीचं!"

"ताकदीचं? अहो, हे विषारी शेवाळ असेल!" मॅडमनी फोन काढला. "पाणी तपासून होईपर्यंत तलाव बंद ठेवावा लागेल. मासेमारीसुद्धा."

शामकलानं काठाकडे पाहिलं. नंदलाल जाळं सोडवत बसला होता. त्याच्या बाजूला आणखी दहा-बारा जण. तिच्या एका रंगापायी सगळ्यांची चूल बंद! मॅडमच्या फोनवरून पलीकडे रिंग जायला लागली.

"बंद करा तो फोन!" शामकला ओरडली. "पाणी चांगलं हाय! रंग उतरून राहिला! भिंतीचा रंग आणला मी. मीच आणला!"

मॅडम ताडकन उठल्या. मागून त्यांची मोतिया साडी कमरेखाली पऱ्ह्याच्या हिरव्यानं माखलेली होती! मग सगळ्या जणी उठल्या. सात बाया, सात हिरवे शिक्के!

काठावर हास्याचा स्फोट झाला. रुख्मानं डोंगा काठाला लावल्यावर शामकला आधी उतरली, आणि अंग न चोरता, मागचं न झाकता, पुरुषांच्या समोरून ताठ चालत गेली. मागे पाचही जणी तशाच.

"काऊन हासून राहिले?" ती वळून गरजली. "रंग बुडला. डोंगा बुडला का?"

मॅडमनी फाइल उघडली. हसू दाबत त्यांनी पेन काढलं. डोंगा मजबूत, सांधे भरून नावेचा रंग लावल्यावर परवानगी, असं लिहून त्यांनी सही केली.

"रंग पऱ्ह्याचाच राहीन!" शामकला म्हणाली.

आठ दिवसांनी मॅडमचा फोन आला. सही मागे घेतात की काय, म्हणून शामकला फोन घेऊन अंगणात उभीच राहिली.

"शामकलाबाई," पलीकडून रडवेला आवाज आला, "चार वेळा धुतली हो साडी! हा रंग निघतो तरी कशानं?"

शामकलानं दोरीवर वाळणाऱ्या स्वतःच्या लुगड्याकडे पाहिलं. सातव्यांदा धुतलेलं. हिरवं ते हिरवंच.

"एकडाव डोंग्याले लावून पाहा मॅडम," ती म्हणाली, "अर्ध्या घंट्यात निघते!"