दाढीवाल्याचा दाढीचा ब्रश

छातीपर्यंत दाढी वाढवलेला माणूस दाढीचा ब्रश घ्यायला येतो, दुकानातले सगळे ब्रश ओले करतो आणि एकही न घेता निघून जातो. असं तुमच्याकडे कोणी केलं तर तुम्ही काय कराल? भंडाऱ्यात माझं जनरल स्टोअर्स आहे. नत्थूजी पायरी चढले की माझं डोकंच सणकायचं.

नत्थूजी माझे शेजारी. जन्म एसटीत कंडक्टरकीत गेला. नोकरी सुटली, पण "पुढं सरका" काही सुटलं नाही. पंगतीत "पुढं सरका", मयतीत "पुढं सरका", एकदा तर देवळात पुजाऱ्यालाच म्हणाले, "चला महाराज, पुढं सरका." बायको गेली तेव्हापासून त्यांनी दाढी वाढवली. बोलणं मात्र तसूभर कमी झालं नाही.

येताना पितळेची वाटी आणि साबणाची टणक गोल वडी घरूनच आणायचे. मग पाणी मागायचे, ब्रश भिजवून वडीवर घासायचे. नायलॉनचा ब्रश वडीवर नुसता घसरायचा. "हा तं लाजून राह्यला, फेस काय काढंल? पुढं सरका!" दुसरा राठ निघायचा. "यानं गंज घासा." महागातला मऊसूत दाखवला तर म्हणे, "हा क्रीमवाल्यायचा. वडीसमोर झोपते हा."

कहर म्हणजे परीक्षा माझ्या गालावर. त्यांच्या गालावर जागा होती कुठं! "डोळे मिटा आन सांगा, टोचते का?" समोर बायका टिकल्या पाहताहेत आणि मी तोंडाला फेस फासून डोळे मिटून बसलोय! एक दिवस मात्र माझा पारा चढला.

"नत्थूजी, दाढी तुम्ही करत नाही. मग ब्रश कायले पाहिजे? माझी मजा करून राह्यले का?"

त्यांनी ब्रश वाटीत ठेवला. मग पहिल्यांदाच हळू आवाजात म्हणाले, "मामाजीसाठी."

मामाजी म्हणजे त्यांचे सासरे. करडी या गावी असतात, नजर पार गेलेली. गावचा न्हावी गणपत घरी येऊन त्यांची दाढी करायचा. तो मुलाकडे नागपूरला गेला आणि मामाजी दुसऱ्या कोणाला गालाला हात लावू देईनात. नत्थूजी म्हणाले, मी करतो. म्हाताऱ्यानं कानांवर हात ठेवले. "जवायाच्या हातून सेवा? शिव शिव!" आमच्याकडे सासराच जावयाच्या पाया पडतो, त्याच्याकडून सेवा घेणं म्हणजे पापच.

मग गणपत परत आलाय असं भासवून नत्थूजीच गणपत झाले. गणपत जातिवंत अबोल, त्यामुळे तोंड बंद ठेवलं की भागत होतं. ब्रशही गणपतचाच, तो जाताना देऊन गेलेला.

"आता त्याचे केस झडले हो," नत्थूजी म्हणाले. "मामाजी गालानं ओळखते. भलताच ब्रश लागला तं समजंल त्यायले. मंग दाढी बंद, आन माहं तिथं जाणंबी बंद. ती गेल्यावर तेवढंच एक घर उरलं मले."

मी माळ्यावर चढलो. जुन्या मालात डुकराच्या केसांचा, लाकडी मुठीचा एक ब्रश धूळ खात पडला होता. नत्थूजींनी तो कोमट पाण्यात निवांत भिजू दिला, मग वडीवर फिरवला. वाटीत असा दाट फेस आला म्हणता! मी आपणहून डोळे मिटले आणि गाल पुढं केला.

"टोचते का?"

"आधी जरासा. मग गालावर बसतो."

"हाच! चला करडीले. केस गळला तं तुमच्या समोरच गळंल."

मोटारसायकलवर करडीपर्यंत त्यांनी माझे कान किटवले. दारात पाय ठेवला आणि तोंडाला कुलूप.

मामाजी ओसरीत खाटेवर बसले होते. "गणपत, आला का?" नत्थूजी नुसते खाकरले. ब्रश गालावर फिरला तसा म्हातारा थबकला.

"नवा घेतला वाटते," मामाजी म्हणाले. "चांगला हाय."

नत्थूजींचा चेहरा असा फुलला, की दाढीतूनही दिसला. एक गाल झाला. दुसऱ्यासाठी म्हाताऱ्यानं जरा उजेडाकडे यायला हवं होतं. आणि त्या आनंदात निघालंच तोंडून, "चला, पुढं सरका!"

मेलो, म्हटलं. नत्थूजींचा वस्तऱ्याचा हात तसाच वर राहिला.

मामाजी पुढं सरकले आणि दुसरा गाल दिला. दाढी आटोपली, तोंड पुसून झालं. मग ते खाली वाकले, चाचपत चाचपत नत्थूजींचे पाय शोधले, त्यांवर दोन्ही हात टेकवले आणि कपाळाला लावले.

सरळ झाल्यावर नेहमीच्याच आवाजात म्हणाले, "गणपत, सोमवारी येजो बावा. खाडा नोको करू."

नत्थूजी गणपतसारखेच नुसते खाकरले.