मल्लूकाकांच्या गाडीतला धूर

आमच्या शुक्रवार पेठेतले मल्लूकाका काहीही बिघडलं तरी 'काय झालं?' असं विचारत नाहीत. 'कुणी केलं?' असं विचारतात. जगात एखादी गोष्ट आपोआप होते, हे त्यांना मान्यच नाही. "ह्यात माणसाचा हात हाय," म्हणतात आणि डोळे बारीक करून समोरच्याच्या हातांकडे बघतात. समोरचा उगाचच हात खिशात घालतो आणि तिथंच अडकतो.

एकदा त्यांच्या पिकअपचं चाक पंक्चर झालं. चाकातून निघालेला खिळा कागदात गुंडाळून ते पेठेतल्या दोन्ही सुतारांकडे गेले. "हा तुमचा का?" दोघंही नाही म्हणाले. काकांनी दोघांशीही बोलणं सोडलं. मेव्हण्यानं दिलेलं घड्याळ बंद पडलं, तेव्हा मेव्हण्याशीही.

काकू होत्या तोवर घरात हे चालून जायचं. आमटी खारट झाली की काका विचारायचे, "मीठ कुणी टाकलं?" काकू म्हणायच्या, "मी टाकलं. खावा गुमान." चौकशी संपायची. काकू गेल्या आणि वर्षाच्या आत काकांनी सुनेला तोच प्रश्न विचारला. घरात स्वयंपाक करणारी ती एकटीच. तिनं ताट उचललं आणि आत नेलं.

माझं शेंगा चटणीचं दुकान आहे. गेल्या उन्हाळ्यात करकंबला माल पोचवायचा होता. दुसरी गाडी मिळेना, म्हणून काकांची ठरवली आणि सोबत मीही बसलो. मोहोळ जवळ येईतो केबिनची भट्टी झाली. मी ब्लोअर चालू केला. काका तो कधीच लावत नसत. आधी नुसतीच घरघर झाली. मग जाळीतून बोटाएवढा धूर आला, आणि बघता बघता समोरची काच दिसेना.

काकांनी गाडी कडेला घेतली, पण उतरायचं नाव नाही.

"बटन कुणी दाबलं?"

"मी. काका, आधी उतरा!"

"थांब की. परवा पोरानं गाडी धुतली. त्याच्या आदी तो वायरमन हितं घुटमळत हुता. ह्यात माणसाचा हात हाय, सुरेश."

डोळ्यांतून पाणी गळतंय, खोकल्यानं जीव चाललाय, आणि हा माणूस संशयितांची नावं घेतोय. शेवटी मीच किल्ली फिरवून गाडी बंद केली आणि दंडाला धरून त्यांना खाली ओढलं.

नाक्यावरून इस्माईलभाई मिस्त्रीला आणलं. त्यानं आधी बॅटरीची वायर सोडवली. केबिनमध्ये डोकं घालून दोनदा वास घेतला. फ्यूज बघितले. डॅशबोर्डाखालची एकेक वायर बोटांनी चाचपली.

"वायरिंग चांगलीय," तो म्हणाला. "हा कापूस जळल्याचा वास आहे."

मग त्यानं ब्लोअरचं झाकण उघडलं. आतून मूठभर घरटं निघालं. सीटचा कापूस, कागदाचे कपटे, शेंगांची फोलपटं. एक बाजू जळून काळी झालेली.

"कुणी केलं?" काका पुढं सरसावले.

"उंदरानं."

"उंदीर कुणी सोडला?"

मी हसलो. इस्माईलभाई हसला नाही. त्यानं सीट उचलली. खाली भाकरीचा चुरा, कांद्याची सालं, लोणच्याच्या फोडी आणि वाळलेल्या भाताची शितं, कितीतरी दिवसांची.

"तुम्हीच बोलावलाय त्याला, काका. दोन्ही टायमाला गाडीतच जेवता काय?"

काका कधी नव्हे ते स्वतःच्या हातांकडे बघत राहिले.

मला तेव्हा कळलं. दुपारी मार्केट यार्डाच्या भिंतीला लावलेली त्यांची गाडी मी कितीदा पाहिली होती. भाड्याची वाट बघत असतील, असं समजून पुढं गेलो होतो.

"सून डबा भरून देती," काका माझ्याकडे न बघता म्हणाले. "सकाळीच, दोन्ही वक्ताचा. चांगला भरती. नाव ठिवायला जागा न्हाय."

"मग घरी बसून खावा की," मिस्त्री म्हणाला. "गाडीत जेवण बंद करा, नाहीतर पुढच्या खेपेला गाडी जळेल."

"बरं," काका म्हणाले. थोड्या वेळानं त्यांनी त्याला विचारलं, "मग कुटं जेवू?"

भांडायचा सूर नव्हता. खरंच विचारत होते. इस्माईलभाईनं पान्हे गोळा केले. माझं घर काकांच्या घरापासून तिसरं. मला जेवायला बोलावता आलं असतं. पण आठ दिवसांनी हा माणूस माझ्या बायकोला मिठाचं विचारील, एवढंच तेव्हा डोक्यात आलं. मी मोबाइल काढला आणि करकंबला उशीर होईल म्हणून कळवलं.

पंधरा दिवसांनी यार्डाकडून येताना काका दिसले. केबिनची दारं बंद होती. गाडीचं मागचं फळकं पाडून ते त्यावर उन्हात बसले होते, मांडीवर डबा. मला बघून त्यांनी झाकण लावलं. मग काय वाटलं कोण जाणे, परत उघडलं. बाजूला सरकले आणि शेजारची धूळ पंच्यानं पुसली.

"ये की," म्हणाले. "लई हाय."

मी म्हटलं, "घाईत आहे, काका," आणि स्कूटरला किक मारली.