लॉनचा कुळवृत्तांत

घरमालकीण काकू दुपारी चारला येणार आणि पुढच्या लॉनवरचं गवत गुडघ्याला लागलेलं, हा प्रसंग कोशमावशीवर आला तो सर्वस्वी तिच्याच कर्तृत्वानं. भांडी नवऱ्याची आणि गवत तिचं, ही वाटणी तिनंच केली होती. पण प्रुफं तपासता तपासता एखाद्या शब्दाचा उगम शोधायला ती कोशात शिरायची आणि तिथेच तिची संध्याकाळ व्हायची. भाच्यांनी हे नाव उगाच नव्हतं ठेवलं.

आज काकू पाहणी करून करार वाढवायचा की नाही ते ठरवणार होत्या. लेकीची शाळा दोन गल्ल्या पलीकडे. हे घर सुटलं तर पंचाईत होती.

मावशीनं गवत कापायचं यंत्र बाहेर काढलं. ते चार हात चाललं, एक मोठा घास घेतला आणि गप्प बसलं. पात्यातून नवऱ्याचा पायजमा निघाला.

“हा वाऱ्यानं उडाला होता. उन्हाळ्यापासून शोधतोय मी,” नवरा म्हणाला.

“सापडला ना? घाला.”

“नुसती नाडी राहिलीय.”

यंत्र काही पुन्हा उठेना. मग मावशीनं, अडचणीत सापडली की ती जे करायची, तेच केलं. कोश उघडला. तिचा चेहरा उजळला.

“अहो, लॉन म्हणजे मुळात कापलेलं गवत नव्हेच. जुन्या फ्रेंचमधून आलाय शब्द. जंगलातली मोकळी जागा. नांगर न लागलेली, आपली आपण वाढलेली. कापायची हौस फार नंतरची.”

“हे काकूंना सांगणार तू?”

“मग काय.”

“मी भांडी घासतो,” म्हणून नवरा आत सटकला.

काकू आल्या त्या फाटकाशीच थबकल्या. मावशीनं त्यांना गवतात खुर्ची टाकून दिली आणि लॉनचा सगळा कुळवृत्तांत ऐकवला. वर म्हणाली, “तेव्हा काकू, लॉन राखायचं असं करारात आहे ना, ते अख्ख्या गल्लीत फक्त आम्हीच राखलंय.”

काकूंनी चष्मा पुसला. “म्हणजे ही पडीक जमीन म्हणायची.”

“अगदी बरोबर.” इतकं मन लावून आजवर कुणीच तिचं ऐकलं नव्हतं.

“बरं झालं बाई सांगितलंस. मी उगाच जपत बसले होते. धाकटा केव्हाचा मागे लागलाय, पुढे दोन खोल्या काढून दे म्हणून. पडीकच आहे तर सोमवारी गवंडी पाठवते. तुम्ही राहा हो खुशाल. तुझ्या टेबलापुढची खिडकी तेवढी बुजेल.”

मावशीनं कोश मिटला.

“काकू, अहो, मूळ अर्थ हल्ली कोण धरून बसतं? अर्थ बदलतात. आता लॉन म्हणजे कापलेलंच.”

“असं? कधी बदलतो म्हणालीस अर्थ?”

“रविवारी संध्याकाळपर्यंत,” मावशी म्हणाली.