मळक्या सोनेरी डोक्याची परीक्षा

रंगाच्या बाबतीत मला कोणी शिकवायला येऊ नये! चाळीस वर्षं मी भिवंडीत सूत रंगवलं. मालक चिंधीएवढा नमुना हातात देत आणि मी टाकीतून हुबेहूब तोच रंग काढून दाखवत असे. त्यामुळे माझी मुलगी इरम जेव्हा म्हणाली, "अब्बा, परीक्षेला एक डोकं पाहिजे," तेव्हा मी ताबडतोब टोपी काढली.

"हे घे! रंग टिकवायचा कसा, ते तुझ्या मॅडमला मी शिकवतो."

एवढं बोललो नसतो तर पुढचं काहीच झालं नसतं.

इरम पार्लरचा कोर्स करते. शेवटच्या परीक्षेत एका माणसाचे केस रंगवायचे आणि महिन्याने तेच डोकं परत नेऊन दाखवायचं. रंग टिकला तर पास. पास झाली तर ठाण्याच्या एका सलूनमध्ये नोकरी ठरलेली. डोकं खरं तर तिच्या अम्मीचं, म्हणजे माझ्या जमिलाचं ठरलं होतं. "माझे केस तुझेच," असं जमिलाने कोर्स सुरू होतानाच सांगून ठेवलं होतं. मग ती आजारी पडली, आणि गेली. इरमने मामीला विचारलं, शेजारणींना विचारलं. सगळ्यांनी ओढण्या घट्ट आवळल्या!

माझे केस पांढरेशुभ्र. पूर्वी असे दिसत नसत. जमिला दर महिन्याला माझ्या डोक्याला मेहंदी लावायची. ती गेल्यावर मेहंदी थांबली. लाल टोकं न्हाव्याने हळूहळू कापून टाकली आणि खालून पांढरं निघालं. ते मी तसंच ठेवलं. कोणी विचारलं तर म्हणायचो, कंटाळा येतो. कंटाळा नव्हता.

"कुठला रंग लावणार?" मी क्लासच्या खुर्चीत बसत विचारलं.

"डर्टी ब्लाँड. मळका सोनेरी."

"मळका? अगं, मळका निघालेला लॉट मी आयुष्यभर परत टाकीत टाकला! मालक शिव्या घालायचे! आणि तुमच्यात त्याचे मार्क मिळतात?"

"अब्बा, मान खाली."

तिची बोटं डोक्यावर फिरायला लागली आणि माझी बडबड बंद झाली. इतक्या महिन्यांत न्हाव्याशिवाय कोणाचा हात माझ्या डोक्याला लागला नव्हता.

"झोंबतंय का?"

"थोडं," मी डोळे मिटून म्हणालो. झोंबत नव्हतं.

रंग मात्र पोरीने झकास काढला. गोणपाटावर सकाळचं ऊन पडावं, तसा! तिच्या क्लासच्या मेघाली मॅडमनी फोटो काढला आणि म्हणाल्या, "आता महिनाभर सांभाळा."

सांभाळायचं काय काय! डोक्यावर गरम पाणी नाही. उन्हात उघडं फिरायचं नाही. आणि आठवड्यातून एकदा एक जांभळा शाम्पू. आमच्याकडे बोरिंगचं पाणी येतं, त्याने केसांवर पिवळी झाक चढते. ती हा शाम्पू मारतो. हे मला लगेच पटलं. पांढऱ्या कपड्याला नीळ देतात, तसंच! "पण दोनच मिनिटं ठेवायचा," इरमने बजावलं. "जास्त नाय!"

दुसऱ्या दिवशी कामतघरला काळूरामच्या टपरीवर गेलो. काळूरामने कपात ओतता ओतता चहा बशीत, बशीतून फळीवर आणि फळीवरून स्वतःच्या पायावर ओतला.

"गुलामभाई, मुबारक हो! कधी हाय?"

"काय कधी?"

"निकाह!"

"अरे, पोरीच्या परीक्षेसाठी रंगवलेत."

"असं? आन परीक्षा घेणाऱ्या बाईचं वय काय हाय?"

खरं सांगितलं की कोणी विश्वास ठेवत नाही, हे मला त्या दिवशी कळलं. मी चूप बसलो. त्याचा अर्थ मी लाजलो असा झाला! आठवडाभरात बातमी कशेळीला जमिलाच्या धाकट्या भावाकडे, शादाबकडे पोचली. तोवर बाई विधवा होती, पडघ्याची होती आणि तिला स्वतःचं घरही मिळालं होतं!

परीक्षेच्या आदल्या दिवशी आरशात पाहिलं तर डोकं जर्द्याच्या गोड भातासारखं पिवळं! इरम क्लासला गेलेली. म्हटलं, घाबरायचं कारण नाही, आपण रंगमास्तर आहोत. दोन मिनिटांत सुताला तरी कधी रंग चढलाय? माल जेवढा मुरेल तेवढा पक्का! अर्धी बाटली डोक्यावर ओतली, वर प्लास्टिकची पिशवी बांधली आणि बसलो.

तेवढ्यात दार वाजलं. शादाब!

"दुल्हाभाई, कोण हाय ती?"

"बस तर आधी."

"बसायला नाय आलो! आपाला जाऊन वरीस नाय झाला, आन तुमी डोक्याला पिशव्या बांधून नवरदेव व्हायला निघालात?"

"इरमच्या परीक्षेसाठी..."

"पोरीच्या नावामागे लपू नका! आपा असती तर..."

"आपा असती," मी म्हणालो, "तर हे डोकं तिचं असतं. परीक्षेला तीच बसणार होती."

शादाबने चपला काढल्या. मग बसला. मग तोंडावर रुमाल धरला. अशा माणसाला, "थांब, मी डोकं धुऊन येतो," असं कसं सांगणार? मी चहा ठेवला. चहा पिता पिता त्याने लहानपणीची गोष्ट काढली. जमिलाने एकदा त्याच्या शाळेच्या सदऱ्याला निळीऐवजी शाई घातली होती. वर्षभर तो निळा सदरा घालून शाळेत जायचा आणि मास्तर रोज वर्गाबाहेर काढायचे.

"आन अम्मीनं विचारलं तर म्हणते, याला शोभतो!"

ही गोष्ट जमिलाने मला कधीच सांगितली नव्हती. ती गेल्यावर तिच्याबद्दल काही नवं ऐकायला मिळेल, असं वाटलं नव्हतं. मी म्हटलं, अजून सांग. त्याने अजून सांगितलं. दुसरा चहा झाला. मग शादाब एकदम थांबला.

"दुल्हाभाई, तुमच्या मानेवरून काय व्हातंय?"

पिशवी सोडली. डोकं जांभूळ! पाच वेळा धुतलं तरी जांभूळ!

इरम आली ती दारातच उभी राहिली. वाटलं, ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती चपला न काढता उंबऱ्यावर बसली आणि म्हणाली, "अब्बा, उद्या परीक्षा हाय." चाळीस वर्षांच्या रंगमास्तराने टोपी शोधली आणि कानापर्यंत ओढली.

परीक्षेत टोपी काढल्यावर मेघाली मॅडम खुर्चीवरून उठल्याच. "हा कुठला रंग?"

"चूक माझी, मॅडम. मुलीने दोन मिनिटं सांगितली होती. मी जांभळा शाम्पू तासभर ठेवला. तिला नापास करू नका. डोकं बदलून मागा, महिना परत मोजा, काहीही करा."

मॅडमनी हात वर करून मला थांबवलं. "काका, सलूनमध्ये निम्मी गिऱ्हाइकं असलाच उद्योग करून येतात. इरम, हे डोकं मूळ रंगावर आण. आत्ता, माझ्यासमोर."

इरमने पदर खोचावा तशी ओढणी खोचली. धुतलं, पुसलं, उजेडात धरलं, रंग कालवला, बटेवर लावून पाहिला, पुन्हा कालवला. मी आयुष्यात पहिल्यांदा रंगाबद्दल एक शब्द बोललो नाही. दुपार कलली तेव्हा गोणपाटावर पुन्हा ऊन पडलं होतं.

मॅडमनी डोकं चारी बाजूंनी पाहिलं. "मुलगी पास. डोकं हट्टी आहे."

घरी येताना रिक्षात मी विचारलं, "हा रंग परत कधी लावायला लागतो?"

"सहा आठवड्यांनी."

"आपलं पाणी खराब. चार धर."

"चारची गरज नाय, अब्बा."

"तरी धर."

तिने माझ्याकडे पाहिलं. 

"तीन धरते," ती म्हणाली. "मी लावीन. तुमी शाम्पूला हात लावायचा नाय."

मी कबूल केलं. तरी घरी आल्यावर तिने बाटली कपाटात ठेवली, कुलूप घातलं आणि किल्ली निकाल विचारायला आलेल्या शादाबकडे दिली!