बाबुरावांची पटकथा, माप छत्तीस

"सगळं आहे! अगदी तारीखवार!"

बाबुराव शेजवळ हे फोनवर एवढ्या जोरात म्हणाले की आंबिवलीतल्या त्यांच्या अख्ख्या सोसायटीला कळलं, बाबुरावांकडे काहीतरी आहे आणि ते तारीखवार आहे!

फोन पुण्याहून आलेला. तिथली एक संस्था जुन्या सिनेमावाल्यांचे कागद गोळा करते. पटकथा, पत्रं, शूटिंगच्या नोंदी, जे असेल ते नेतात, साफ करतात, पेटीत घालतात, पेटीवर नाव लावतात आणि थंड खोलीत फळीवर ठेवतात. बोलणाऱ्या मुलीचं नाव कल्पिता. ती म्हणाली, "सर, तुमच्या 'तिसऱ्या पाळीचा भोंगा'ची प्रिंट कुठेच मिळत नाही. निदान कागद मिळाले, तर आमच्याकडे 'बाबुराव शेजवळ संग्रह' करता येईल."

बाबुराव शेजवळ संग्रह! बाबुराव मटकन खुर्चीत बसले.

त्यांचंही बरोबरच होतं. वागळे इस्टेटमधल्या कारखान्यात स्टोअर सांभाळता सांभाळता सत्त्याऐंशी साली या माणसानं कामगारांवर एक अख्खा सिनेमा काढलेला. पटकथा, संवाद, दिग्दर्शन, सगळं स्वतःचं. ठाण्यात तो चार दिवस चालला. पाचव्या दिवशी ऑपरेटरनंच विचारलं, "साहेब, लावू का?" त्यानंतर बाबुरावांनी कारखान्यांसाठी माहितीपट केले. त्यातला 'शिडी धरा' बराच गाजला, कारण तो बघितल्याशिवाय कामगारांना जेवायला सोडत नसत! पण आता वय शहात्तर. 'शिडी धरा' नव्हे, आपण एक खरा सिनेमा केलेला, हे आपल्यामागे कुठंतरी नावानिशी राहावं, एवढी एकच इच्छा उरलेली.

कल्पिता शनिवारी अकराला येणार होती. बुधवारी बाबुरावांनी माळ्यावरची ट्रंक खाली काढली आणि उघडली. आत मुलाचे क्रिकेटचे पॅड, जयंतीच्या पताका आणि एक बिनझाकणाचा कुकर. कागदाचा कपटासुद्धा नाही!

"अगं, माझे कागद कुठायत?"

जाईबाई शिलाई मशीनवर बसल्या होत्या. त्यांचा शिवणक्लास आंबिवलीत चाळीस वर्षं चाललेला. गावातल्या अर्ध्या बायका त्यांच्या विद्यार्थिनी आणि उरलेल्या अर्ध्या गिऱ्हाइकं.

"कसले कागद?"

"सिनेमाचे! पाच वेळा लिहिली होती पटकथा! गठ्ठेच्या गठ्ठे होते!"

"ते होय! तुम्हीच नाही का म्हणालात, टाकून दे, पुन्हा माझ्या डोळ्यांसमोर आणू नकोस? हात जोडून म्हणालेलात."

"अगं, ते रागात म्हणालेलो मी!"

"मग राग गेला म्हणून कळवायचं ना!"

"एवढ्या संसारात माझं एक तरी ऐकलंस का तू? नेमकं हेच बरं ऐकलंस!"

जाईबाईंनी पायटा दाबला. मशीन सुरू झालं की त्यांच्याशी बोलणं संपलं, हा त्या घराचा नियम होता. बाबुराव कपाळाला हात लावून उभे राहिले.

सून मेघना म्हणाली, "बाबा, पुण्याला फोन करून खरं काय ते सांगून टाका ना. काय होतंय?"

"काय होतंय? शब्द दिलाय मी! तारीखवार म्हणालोय!"

आणि मग बाबुरावांनी तो बेत केला. पटकथा आपणच लिहिलेली, मग पुन्हा लिहायला काय हरकत आहे? नातवाच्या जुन्या वह्यांची कोरी पानं फाडून बुधवार, गुरुवार आणि अर्धा शुक्रवार त्यांनी नुसता लिहून काढला. हात चालतोच आहे म्हणून बड्या नटांची स्वतःला आलेली सहा पत्रंही लिहिली. 'बाबुराव, तुमच्यासारखा दिग्दर्शक होणे नाही,' असं सहाच्या सहा जणांचं मत पडलं!

राहता राहिला कागदाचा रंग. कागद पिवळा दिसला पाहिजे. चहात बुडवला की पिवळा होतो, हे बाबुरावांना शूटिंगपासून माहीत होतं. फक्त तो चहा कोरा असतो, हे ते विसरले. शुक्रवारी दुपारी मेघनानं केलेला पातेलंभर चहा त्यांनी परातीत ओतला. दुधाचा, आल्याचा आणि सासऱ्यांना आवडतो तसा चांगला गोड! पानं बुडवली, गच्चीवर वाळवली, फायलीत घातली. फाइल ट्रंकेत गेली आणि बाबुराव गाढ झोपले.

शनिवारी अकराच्या ठोक्याला कल्पिता हजर. "जयभीम सर, नमस्कार काकू," म्हणाली, जमिनीवर पांढरं कापड अंथरलं, हातात सुती मोजे घातले. एखाद्या डॉक्टरणीसारखं तिचं सगळं निवांत आणि स्वच्छ. बाबुरावांनी दोन्ही हातांनी फाइल पुढे केली. घसा खाकरला.

"मूळ प्रत. सत्त्याऐंशी."

कल्पितानं फाइल उघडली. आतून मुंग्या निघाल्या. एक नाही, दोन नाही, रांगच्या रांग! पहिल्या दृश्यातून निघाल्या, मध्यंतर ओलांडलं आणि बड्या नटांच्या पत्रांवरून पांढऱ्या कापडावर उतरल्या.

कल्पितानं पान नाकाजवळ नेलं. "सर, याला आल्याचा वास येतोय."

"हो का?"

"आणि साखर पण आहे का?"

मेघना तोंडाला पदर लावून आत पळाली. बाबुरावांनी मान खाली घातली. खोटं तीन दिवस बोलता येतं, पण मुंग्यांसमोर कसं बोलणार! "बाई, काही नाहीये माझ्याकडे," ते म्हणाले. "एकसुद्धा पान नाही. होतं ते सगळं मीच टाकायला लावलं. माफ कर." आणि त्यांचे डोळे भरून आले. शहात्तर वर्षांच्या माणसाला परक्या मुलीसमोर असं रडू येणं बरं दिसत नाही, पण आलं.

तेवढ्यात जाईबाई पाणी घेऊन बाहेर आल्या. त्यांचं लक्ष ना मुंग्यांकडे, ना नवऱ्याकडे. ते कल्पिताच्या खांद्यावर खिळलेलं.

"हा कुर्ता कुणी शिवला गं?"

"आमच्या इथे एक टेलर आहेत काकू. का?"

"बाहीचा मुंढा चुकलाय. म्हणून हात वर केलास की अख्खा कुर्ता वर येतो. थांब, दाखवते."

त्या आत गेल्या आणि कापडी पिशवी घेऊन आल्या. पिशवीत त्यांची पेपर कटिंग होती. म्हणजे ब्लाऊजच्या मापाचे कापलेले कागद, ते कापडावर ठेवून ब्लाऊज बेततात. जाईबाईंनी एक घडी उलगडली. वर पेन्सिलीनं लिहिलेलं, '३६, कटोरी'. तो कागद त्यांनी कल्पिताच्या उजव्या खांद्याला लावला. "हा बघ, गोल असा हवा." मग डावा खांदा दाखवायला कागद उलटा केला.

आणि बाबुराव ताडकन उठले! कल्पिताच्या डाव्या खांद्यावर निळ्या शाईत लिहिलेलं होतं, 'दृश्य ४२. कारखान्याचं फाटक. पहाट.'

"हे माझं अक्षर आहे!"

"मग कुणाचं असणार?" जाईबाई म्हणाल्या.

"तू टाकले नव्हतेस?"

"टाकले असं मी कधी म्हटलं? तुमच्या डोळ्यांसमोर आणू नको म्हणालात, नाही आणले. एवढा जाड कागद, एका बाजूनं अख्खा कोरा! पाठकोरा कागद कुणी टाकतं का?"

कागद पाठकोरा होता, कारण पटकथा एकाच बाजूला लिहायची ही बाबुरावांचीच शिस्त. 'तुमची आठवण म्हणून ठेवले हो,' असं काहीतरी बायको म्हणेल, अशी त्यांनी क्षणभर वाट बघितली. ती काही म्हणाली नाही.

कल्पिता मात्र गुडघ्यांवर बसून पिशवीच उपसायला लागली. दोन दोन पानं कडेला कड जोडून खळीनं चिकटवलेली आणि मग कापलेली. नायिकेचं लग्न बाहीत होतं. संप पाठीत होता. मालकाचं भाषण अर्धंच होतं, कारण तिथं गळा खोल घेतलेला!

"काकू, बाकीचे कुठे आहेत?"

"बाकीचे? क्लास संपला की मी प्रत्येकीला तिच्या मापाचं कटिंग द्यायची. टिटवाळा, कल्याण, डोंबिवली, सगळीकडे असतील."

मेघनानं लगेच क्लासच्या ग्रुपवर टाकलं, 'बाईंनी दिलेली जुनी कटिंग घेऊन ताबडतोब या.' कशासाठी ते लिहायचं राहिलं. बाई कटिंग परत घेतायत, अशी बातमी तासाभरात डोंबिवलीपर्यंत पोचली आणि तीनच्या सुमाराला जिन्यात बायकाच बायका!

"बाई, आमचं काय चुकलं?"

"तीस वर्षं जपलंय मी, आता परत का?"

डोंबिवलीची शुभदा तर पिशवी छातीशी धरूनच आत शिरली. तिचं स्वतःचं ब्लाऊजचं दुकान होतं. "मी नाही देणार! माझं अख्खं दुकान बाईंच्या कटिंगवर उभंय!"

वाद मिटवला कल्पितानं. जिचं कटिंग घ्यायचं, तिला त्याच मापाचं दुसरं काढून द्यायचं. ब्राऊन पेपर मागवला. काढणार कोण? सगळ्यांनी बाबुरावांकडे बघितलं. 'तिसऱ्या पाळीचा भोंगा'चे दिग्दर्शक गुडघे टेकून जमिनीवर बसले आणि ब्लाऊजचे गळे काढायला लागले.

"गोल नीट काढा," वरून जाईबाई. "पेन्सिल दाबू नका. तो पुढचा भाग आहे, पाठ नव्हे!"

शुभदाचं कटिंग हातात आलं, तेव्हा ती म्हणाली, "काका, एक विचारू? ती गंगू संपाच्या दिवशी फाटकावरून उडी मारते. पुढं काय होतं तिचं? माझ्या बाहीत तेवढंच होतं."

बाबुरावांची पेन्सिल थांबली. "तू वाचलंस?"

"शंभरदा वाचलं असेल. कापड बेतताना नजर जातेच ना! अठ्ठावीस वर्षं डोक्यात आहे, पडली का वाचली."

"माझ्याकडे ती दवाखान्यात आहे!" मागून कुणीतरी ओरडलं. "पण पाय मोडलाय का ते कळत नाही, तिथं टक्सची चुणी आलीय!"

ठाण्यातल्या चार दिवसांत कुणी गंगूची चौकशी केली नव्हती. "वाचते," ते कसेबसे म्हणाले. "वाचते, आणि पुढं युनियनची पुढारी होते." मग त्यांना राहवलं नाही. गळे काढता काढता त्यांनी पहिल्या दृश्यापासून सगळा सिनेमा सांगितला आणि एकही बाई उठून गेली नाही.

संध्याकाळी कल्पितानं एकशे चाळीस कागद नीट बांधून नेले. अकरा दृश्यं मिळाली नाहीत, मालकाच्या भाषणाचं तर नावच नको. पण सिनेमा होता! बाबुरावांनी त्या आठवड्यात सोसायटीत प्रत्येकाला थांबवून सांगितलं, "आता पुण्यात फळीवर नाव लागेल."

महिन्याभरानं नाव लागल्याचं पत्र आलं. बाबुरावांनी चष्मा पुसून ते मेघनाला मोठ्यानं वाचून दाखवलं.

"'जाईबाई शेजवळ संग्रह. शिवणवर्गातील ब्लाऊजची कागदी कटिंग, नग एकशे चाळीस. मागील बाजूस एका चित्रपटाची पटकथा, अपूर्ण.'"

खाली कल्पितानं हातानं लिहिलेलं होतं, 'सर, आमच्याकडे संग्रहाला कागद जपणाऱ्या व्यक्तीचं नाव देतात. नियम आहे. रागावू नका.'

"बघू," म्हणत जाईबाईंनी पत्र घेतलं, शांतपणे वाचलं आणि उलटून मागची बाजू बघितली. "बरा आहे कागद," म्हणाल्या आणि मशीनवर जाऊन बसल्या.

चार दिवसांनी पुण्याहून फोन आला. बाबुरावांनी धावत जाऊन उचलला. आवाज नवीन होता, कुणीतरी तरुण मुलगा. "जाईबाई शेजवळ मॅडम आहेत का? त्यांची मुलाखत घ्यायचीय."

"आहेत. देतो."

"थँक्यू. आपण कोण बोलताय सर?"

बाबुरावांनी मशीनकडे बघितलं, फोनकडे बघितलं.

"मी," ते म्हणाले, "त्यांना कागद पुरवायचो."