फिलूमावशीचा टोप

फिलूमावशीनं माझ्या पिशवीत हात घातला तो मला न विचारता, आणि पहिला बाहेर काढला तो ब्रोकोलीचा गड्डा. तो तिनं ट्यूबलाइटसमोर धरला, उलटसुलट करून पाहिला आणि लिफ्टसाठी थांबलेल्या सहा माणसांदेखत विचारलं, "कोनाचा मयत हाय?"

"मयत नाही मावशी, भाजी आहे."

"भाजी? मना वाटला, फुला घेऊन चाललास." मग तिनं किंमत विचारली. मी मूर्खपणानं खरी सांगितली. तिनं गड्डा अगदी हलक्या हातानं पिशवीत परत ठेवला आणि म्हणाली, "एवढ्या पैशात आमची गल्ली दोन दिस जेवली असती, बार्शी."

बार्शी म्हणजे मी. माझं नाव तिनं कधी विचारलंच नाही; मी बार्शीचा आहे एवढ्यावर तिचं भागत होतं. आमच्या शेजारचे "गुहागर", वरच्या मजल्यावरचे "सातारा". नायगावच्या या बावीस मजली इमारतीत जो तो कुठून ना कुठून आलेला. मावशी त्या मानानं जवळची, पाचूबंदरची. सारा जन्म तिनं डोक्यावर पाटी घेऊन मासळी विकली. नवरा गेल्यावर मुलानं इथं फ्लॅट घेतला आणि आईला आणलं. मुलगा-सून सकाळी साडेसातला बाहेर पडतात, रात्री नऊला परततात. "मधी मी," मावशी सांगते, "आनि लिफ्ट."

म्हणून ती तळमजल्यावर लिफ्टच्या दाराशी लाल प्लास्टिकचं स्टूल टाकून बसते. इमारतीत कोण शिरतं ते वॉचमन बघतो, काय शिरतं ते मावशी बघते. वॉचमनला चुकवता येतं, मावशीला सहजी नाही. मी स्वतः एकदा फ्रोझन मटारचं पाकीट शर्टाच्या आत दडवून नेलं आहे. पोट गारठलं, पण अब्रू वाचली.

तिचा नियम एकच: जे सकाळी आलं ते दुपारी शिजवायचं. चांदीपची वांगी आली तर वांगी, वटारचं केळफूल आलं तर केळफूल. खाडीची करंदी, म्हणजे बोटाच्या पेराएवढी कोळंबी, आली तर मग विचारूच नका. "फ्रिज म्हंजे मासलीचा दवाखाना," असं तिचं मत आहे. "धडधाकट मासली कशाला जाईल तिथं?"

एका रविवारी तिनं मला स्वयंपाकघरात उभं करून करंदी-वांगं शिकवलं. कोळंबीची डोकी मी कचऱ्यात टाकायला निघालो तर मनगट धरलं. त्या डोक्यांचं तिनं सार केलं, वांग्याचे देठ रश्श्यात घातले, बरोबर तांदळाची भाकरी. दोन मुठी करंदी आणि चार वांग्यांत आम्ही पाच माणसं जेवलो आणि उठताना एकमेकांना हात द्यावा लागला.

पण कृती विचारायची सोय नाही. मीठ किती? "लागंल तेवढा." तिखट? "तुज्या बायकोला इचार." किती वेळ शिजवायचं? "तीन नमो मारिया." तिची शिट्टी, घड्याळ, सगळं प्रार्थनेवर चालतं. मला त्या प्रार्थना येत नाहीत, म्हणून घरी मी पाढे म्हणत बसलो. एकोणतिसाच्या पाढ्यात अडकलो आणि करंदी करपली.

आता तिच्या भांड्यांकडे येतो, कारण माझी अक्कल तिथंच उघडी पडली.

मावशी स्वतःपुरतं शिजवूच शकत नाही. तिचा हातच मोठा. रोज दुपारी कुणाकडे तरी टोप जातो, कुणाकडे डबा. शाकाहारी घरांचे डबे वेगळे, त्यांच्या कडीला हिरवा दोरा. प्रत्येक भांड्यावर नाव कोरलेलं, आणि तेही तिचं नाही. कुणाच्या लग्नात मिळालेलं, कुणाच्या बाप्तिस्म्याला आलेलं. अर्धं पाचूबंदर आमच्या इमारतीत असं टोपांतून फिरत असे.

इथवर सगळं छान. पण भांडं परत करायचं म्हणजे रिकामं करायचं नाही, हा जगाचा नियम. माझी आईसुद्धा निदान चिमूटभर साखर घालायची. मावशीला नुसत्या साखरेवर भागवलेलं चालत नाही. आम्ही दोघं नोकरी करणारी माणसं. एकदा मी तिच्या डब्यात बिस्किटं घालून दिली. तिनं झाकण उघडलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "कुत्रा पालला नाय मी." दुकानातला ढोकळा दिला तर तो तिनं वॉचमनला दिला आणि डबा पुन्हा माझ्याकडे ठेवून गेली. शेवटी नाइलाजानं मी पिठलं शिकलो. "हा पिठला नाय, लादी बसवाचा सिमिट हाय," ती म्हणाली. खाल्लं मात्र सगळं.

आणि भांड्यांची आठवण करून द्यायला ती स्वतः यायची. मी लॅपटॉपवर साहेबांसमोर मान डोलवत बसलेला, तेवढ्यात बेल. "माजा टोप हाय का रं?" आत यायची, बसायची, वैशालीनं म्हणजे माझ्या बायकोनं करून ठेवलेली भाजी चाखायची, नावं ठेवायची. अर्धा तास सहज. अशी अकरा घरं होती.

दिवाळीला मला सुचलं. या बाईला किती त्रास! रोज दारोदार भांडी मागत फिरायची. मी बाजारातून प्लास्टिकचे शंभर डबे आणले, वापरा आणि फेकून द्या जातीचे. वैशाली म्हणाली, "तिला विचार तरी आधी." मी कशाला विचारतोय? मी अकराही घरं फिरलो, मावशीची सगळी भांडी गोळा केली, घासूनपुसून लखलखीत केली आणि दोन ट्रॉल्या भरून नेऊन तिच्या स्वयंपाकघरात रचून ठेवली, शेजारी ते शंभर डबे. वर छोटंसं भाषणही ठोकलं: आता कुणाच्या दारी जायला नको, मावशी, आराम करा.

मावशीनं एक झाकण उघडून आत पाहिलं. मग दुसरं. सगळी रिकामी. "बरा केलास," एवढंच म्हणाली.

दुसऱ्या दिवशी स्टूल रिकामं. तिसऱ्या दिवशीही. लोक बेबी कॉर्न उघड्यावर मिरवत लिफ्टमध्ये शिरू लागले. मीही एक पाकीट आणलं. कुणी काही बोललं नाही आणि ते खाताना मजाही आली नाही. आठवडा झाला. दुपारचा तो करंदीचा वास नाही, बेल नाही. गुहागरवाले मला म्हणाले, "तुम्ही काही बोललात का हो तिला?"

शनिवारी वैशालीला मिक्सरमागं एक टोप सापडला. माझ्या स्वच्छता मोहिमेतून निसटलेला. तिनं तो माझ्यापुढं आदळला. "पिठलं कर. आणि जा."

मी पिठलं केलं, टोपात भरलं आणि जाऊन बेल वाजवली. मावशीनं दार अर्धंच उघडलं. केस विंचरलेले नव्हते. "काय काम हाय?"

"तुमचा टोप राहिला होता."

तिनं झाकण उचललं, वाफ आली. तिनं मला आत घेतलं. स्वयंपाकघराच्या फरशीवर सगळी भांडी मी ठेवली तशीच एकावर एक रचलेली, आणि शेजारी शंभर डब्यांचं पुडकं, चिकटपट्टीसुद्धा न काढलेलं. गॅसवर एकट्या माणसाची चहाची छोटी पातेली.

उभ्याउभ्या तिनं पिठल्याचं बोट चाटलं. "मीठ कमी हाय," म्हणाली. मग ताट घेतलं आणि खाली बसली. अर्धं संपल्यावर, माझ्याकडे न बघता बोलली.

"आमच्या गल्लीत दाराला कडी नवती रं. जाता-येता मान घालाची आत. इथं बेल हाय. बेल मारली का मानूस इचारतं, काय काम हाय. मना काय काम असनार? मंग टोप मागाचा." तिनं ताट निपटलं. "तू सगला टोप आनून दिलास."

मला शरम वाटली. बार्शीला माझ्या आईचंही असंच काहीतरी निमित्त असायचं, ताक द्यायचं, विरजण मागायचं, आणि मी चिडायचो की सारखी कुठं जातेस. हे मी मावशीला सांगितलं नाही. "चुकलं मावशी," एवढंच कसंबसं म्हटलं.

"पिठला चुकला," ती म्हणाली. उठून तिनं रचलेल्या भांड्यांतला एक टोप काढला, त्यात सकाळची वालाची उसळ भरली आणि माझ्या हातात दिला. "हा ने. परत देवाची घाई नको करू."

सोमवारी स्टूल जागेवर होतं आणि सातारकरांच्या मशरूमची भर लिफ्टसमोर शोभा चालली होती. शंभर डबे आता आमच्या माळ्यावर आहेत.

तो वालाचा टोप मी अजून परत केलेला नाही. ओट्यावर, गॅसच्या शेजारी, दारातून दिसेल असा ठेवलेला असतो. दर दोन-तीन दिवसांनी दुपारी बेल वाजते. "माजा टोप हाय का रं, बार्शी?"

"आहे ना मावशी. आत या, बसा. शोधतो."

ती ओट्याकडे पाठ करून बसते. शोधायला आम्हाला अर्धा तास लागतो, आणि तो काही सापडत नाही.