वाक्य पूर्ण होईपर्यंत

साहेबांच्या केबिनमध्ये शिरताना तक्रारबाईंनी मनातल्या मनात चार वाक्यं घोकून ठेवली होती. त्यातलं पहिलं पूर्ण झालं, दुसरं अर्धं झालं, आणि तिथेच सगळा घोळ झाला.

कंपनी गाद्यांची होती. बाई तिथल्या तक्रार विभागाच्या प्रमुख, म्हणून सगळा कारखाना त्यांना तक्रारबाई म्हणायचा. खुद्द बाईंनी आयुष्यात कधी कशाची तक्रार केली नव्हती. लग्नानंतर पदव्युत्तर शिक्षण अर्धवट सुटलं तेव्हाही केली नाही. आता पन्नाशी जवळ आल्यावर नवऱ्यानेच त्यांचं नाव पुन्हा विद्यापीठात घातलं होतं, आणि ‘तू लिही, मी स्वयंपाकाचं बघतो’ म्हणून ओटा ताब्यात घेतला होता. भाजीत मीठ कधी दोनदा पडायचं, कधी पडायचंच नाही. बाई दोन्ही भाज्या सारख्याच प्रेमाने खायच्या. संशोधनाचा प्रस्ताव या सत्रात मंजूर झाला नाही तर मात्र नोंदणी रद्द होणार होती, आणि तिसऱ्यांदा नाव घालायला विद्यापीठ तयार नव्हतं.

“साहेब, मी पदव्युत्तर अभ्यासक्रम करतेय,” बाई म्हणाल्या. “त्यासाठी मला नेतृत्व आणि संघटनात्मक संस्कृती या विषयावर आपल्या कंपनीत—”

“कळलं,” साहेब म्हणाले.

हा साहेबांचा आवडता शब्द. माणूस मनाने चांगला, पण कायम घाईत. समोरच्याचं वाक्य अर्ध्यावर आलं की ते ‘कळलं’ म्हणून उरलेलं स्वतःच पुरं करून टाकत. त्यामुळे कंपनीत ‘पण’च्या पुढचं कुणी बोलतच नसे. शिवणविभागाच्या मावशी एकदा सांगायला गेल्या होत्या, “साहेब, निळं कापड आलंय, पण—” साहेब म्हणाले, “आलंय ना? मग लावा कामाला.” त्या ‘पण’च्या पुढे कापडाचा रंग जातो ही बातमी होती. पुढे महिनाभर गिऱ्हाइकं पाठ निळी झाल्याचं सांगायला फोन करत होती, आणि ते फोन तक्रारबाई घेत होत्या.

नेमकं हेच बाईंना प्रस्तावात मांडायचं होतं. प्रमुख ऐकून घेत नाही, म्हणून माणसं बोलत नाहीत, आणि काही बिघडलं की प्रत्येक विभाग दुसऱ्याकडे बोट दाखवतो. विषय हाताशी होता, उदाहरणं रोज पिकत होती. फक्त साहेबांची संमती हवी होती, आणि त्याचं पत्र बाईंनी हातात धरलं होतं.

“संस्कृती म्हणालात ना?” साहेब खुर्चीत पुढे सरकले. “अहो, माझ्या कधीचं मनात होतं. एवढी माणसं आपली, पण गाणं नाही, नाटक नाही. नुसत्या गाद्या. करा, नक्की करा.”

“साहेब, तसं नाही, संस्कृती म्हणजे इथे—”

“कळलं, इथेच करायचं. गोदामात भरपूर जागा आहे. आणि नेतृत्वही तुमच्याकडेच. संमतीपत्र काय, कार्यक्रम झाला की लगेच सही करतो.”

बाई बाहेर आल्या त्या कंपनीच्या सांस्कृतिक प्रमुख होऊन.

घरी नवऱ्याने सगळं ऐकून घेतलं आणि कुकरचं झाकण लावता लावता विचारलं, “मग उद्या जाऊन नीट सांग ना.”

“सांगायला गेले तर अजून कशाची तरी प्रमुख होईन,” बाई म्हणाल्या.

तेवढ्यात मार्गदर्शक मॅडमचा फोन आला. मसुदा त्यांना आवडला होता, फक्त समस्याविधान फिकं वाटत होतं. “तुमची समस्या अजून ठळक करा,” त्या म्हणाल्या. “करते मॅडम, वाढवते,” बाईंनी सांगितलं. फोन ठेवल्यावर नवरा काळजीने म्हणाला, “आहे तेवढी पुरत नाही का?”

दुसऱ्या दिवशी सूचना लागली, आणि कंपनीत कधी नव्हे ती हालचाल सुरू झाली. हिशेबनीस, म्हणजे ज्यांच्या तोंडून आकड्यांखेरीज काही निघालेलं कुणी ऐकलं नव्हतं, ते स्वतःहून आले आणि म्हणाले की एक नाटक ते लिहून देतील. आठवड्यात त्यांनी खरोखरच लिहिलं. आलेला पाहुणा घरातून हलतच नाही, अशी साधीच गोष्ट. पाहुणा ते स्वतः झाले, घरची मालकीण शिवणवाल्या मावशी. गोदाम सांभाळणाऱ्या गोदामकाकांनी एका टोकाला आवाज काढला की दुसऱ्या टोकाला पोती हलायची. म्हणून पडद्याआडून संवाद सांगायचं काम त्यांना दिलं. आणि साहेबांनी नोकराची भूमिका मागून घेतली, कारण पाठांतर तिलाच सर्वांत कमी होतं.

तालमी जेवणाच्या सुट्टीनंतर, गाद्यांच्या थप्प्यांमध्ये होऊ लागल्या. पहिल्याच दिवशी मावशी म्हणाल्या, “अरे, पाहुण्यांना जरा विचार, की त्यांना आज रात्री—”

“कळलं बाईसाहेब, विचारतो,” साहेब म्हणाले.

“थांबा,” गोदामकाका आडून गरजले. “साहेब, त्यांचं वाक्य संपलेलं नाही. त्या ‘गाडी आहे का’ म्हणतील, मग तुम्ही बोलायचं.”

साहेबांना असं थांबवलेलं कुणी पाहिलं नव्हतं. स्वतः काकांनीही आपला आवाज ऐकून जीभ चावली. पण साहेबांनी हातातल्या कागदात बघितलं आणि शाळेतल्या मुलासारखं म्हणाले, “खरंय. माझी चूक. पुन्हा घेऊ.”

पुन्हा घेतलं, पुन्हा चुकलं. नोकराचं प्रत्येक वाक्य कुणाच्या तरी वाक्याच्या शेपटाला बांधलेलं होतं, आणि ते शेपूट येईपर्यंत साहेबांना धीर नव्हता. काका रोज आडून ओरडायचे, “थांबा साहेब.” मग नुसतं “थांबा.” शेवटी शेवटी काही ओरडावं लागेना. साहेब समोरच्याच्या ओठांकडे टक लावून उभे राहत आणि वाक्य पूर्ण झालं की मान डोलवून आपलं बोलत.

हे इथवर ठीक होतं. पण माणसाला लागलेली सवय तालमीपुरती कशी राहील? सोमवारच्या बैठकीत मावशी नेहमीसारख्या म्हणाल्या, “साहेब, नवा धागा आलाय, पण—” आणि सवयीने थांबल्या. साहेब त्यांच्या ओठांकडे बघत राहिले. मावशींनी इकडे बघितलं, तिकडे बघितलं. पुढचं वाक्य कधी लागलंच नव्हतं, त्यामुळे ते शोधायला त्यांना थोडा वेळ लागला.

“पण कच्चा आहे,” त्या अखेर म्हणाल्या. “दोनदा ओढला की तुटतो.”

“मग परत पाठवा,” साहेब म्हणाले. “अजून कुणाचा काही ‘पण’ आहे?”

त्या दिवशी बैठक जेवणाच्या सुट्टीपर्यंत चालली. इतक्या वर्षांचे ‘पण’ साठलेले होते.

पुढे काय झालं असेल ते सांगायला नको. गाद्या मापात निघू लागल्या. गोदाम शिवणविभागाला आधी विचारू लागलं, शिवणविभाग कापडवाल्याला. आणि तक्रार विभागाचा फोन वाजेनासा झाला. बाई तो चालू आहे ना हे बघायला अधूनमधून कानाला लावून पाहायच्या. बाहेरच्या टेबलांवर माणसं हसत होती, आणि बाईंच्या पुढ्यात प्रस्तावाचा मसुदा पडला होता. ‘सदर संस्थेत कर्मचाऱ्यांचे म्हणणे ऐकून घेतले जात नाही.’ या वाक्यात आता खरं म्हणण्यासारखं ‘सदर संस्थेत’ एवढंच उरलं होतं.

“मॅडम, समस्या गेली,” बाईंनी फोनवर सांगितलं.

“गेली म्हणजे? कुठे गेली? परवा तर होती.”

“परवा होती. आता नाही.”

“अहो, पुढच्या आठवड्यात समिती बसतेय. समस्येशिवाय प्रस्ताव कसा मांडणार? नीट शोधा, असेल तिथेच कुठेतरी.”

बाईंनी खरंच शोधली. जे केलं त्याची त्यांना नंतर लाज वाटली, पण केलं खरं. पुढच्या बैठकीत त्यांनी मुद्दाम एक कंटाळवाणं वाक्य सुरू केलं. “साहेब, मागच्या आठवड्यात, म्हणजे तसं त्याच्याही आधीच्या आठवड्यात, एक फोन आला होता, म्हणजे फोन तसा आमच्या विभागाला नव्हता, चुकून लागला होता, पण ज्यांनी केला त्या बाई, म्हणजे त्यांच्या जाऊबाई…” हिशेबनिसांचे डोळे मिटू लागले. काकांनी घड्याळाकडे बघितलं. बाई वाक्य ओढत राहिल्या, आता म्हणतील ‘कळलं’, आता म्हणतील. साहेब हनुवटीखाली हात घेऊन ऐकत होते. शेवटी बाईंचाच श्वास संपला.

“मग त्या जाऊबाईंचं काय झालं?” साहेबांनी मनापासून विचारलं.

बाईंना एकदम जुनी गोष्ट आठवली. नवऱ्याला दवाखान्यात हलवलं होतं, आणि त्या याच केबिनच्या दारात उभ्या राहून म्हणाल्या होत्या, “साहेब, घरी जरा—” तेव्हाही साहेब ‘कळलं’ म्हणाले होते. “कळलं. निघा तुम्ही, गाडी घेऊन जा, रजेचं मी बघतो.” तेव्हा पुढचं वाक्य बोलावं लागलं नाही याचे बाईंनी मनोमन किती आभार मानले होते. या माणसाला त्यांनी प्रस्तावात ‘निरंकुश’ म्हटलं होतं, आणि आता तो सुधारला म्हणून त्या हिरमुसल्या होत्या.

नाटक शनिवारी झालं. हिशेबनीस मधेच आपलं वाक्य विसरले, काकांना पडद्याआड गादीवर डुलकी लागली होती, आणि साहेब समोरचं वाक्य संपेपर्यंत बोलायचं नाही म्हणून शांतपणे उभेच राहिले. बराच वेळ कुणी काही बोललं नाही. प्रेक्षकांना वाटलं, काय अभिनय आहे. टाळ्यांनी काका जागे झाले.

साहेबांनी संमतीपत्रावर सही केली. समितीला संस्थेच्या प्रमुखांशी बोलायचं होतं, म्हणून ते स्वतः गाडी चालवत बाईंना घेऊन विद्यापीठात आले आणि मागच्या खुर्चीवर जाऊन बसले.

समितीत तिघे होते. मार्गदर्शक मॅडम बाजूला बसल्या होत्या. बाई उभ्या राहिल्या. “मी ज्या संस्थेत काम करते, तिथे नेतृत्वाचा—”

“नमुना किती जणांचा घेणार?” पहिल्यांनी विचारलं.

“सर, तेच सांगते. कंपनीत एकूण—”

“आधी समस्याविधान सांगा,” दुसरे म्हणाले. “यात मला समस्या कुठे दिसत नाही.”

“ती आधी होती, पण—”

“होती म्हणजे? समस्या नाही तर मग संशोधन कशाचं?” अध्यक्षांनी कागद मिटायला घेतले.

हे सगळं बाईंना इतकं ओळखीचं होतं, की त्या निमूटपणे खाली बसायला निघाल्या.

“माफ करा,” मागून आवाज आला. साहेब उभे होते. “मला यातलं काही कळत नाही. पण बाईंचं वाक्य अजून संपलेलं नाही. ‘पण’च्या पुढे महत्त्वाचं असतं, हे मी जरा उशिरा शिकलोय.”

तिघेही थांबले. आणि बाईंनी सांगितलं. निळ्या पाठींपासून नाटकापर्यंत सगळं, कुठेही न लपवता, साहेबांनी संस्कृतीचा काय अर्थ घेतला त्यासकट. अध्यक्ष आधी गालात हसले, मग हसू लपवायला पाणी प्यायले.

“गोष्ट छान आहे,” ते म्हणाले. “पण यात समस्या काय?”

“सर, इतक्या वर्षांची सवय आठवड्यांत कशी गेली, आणि ती परत येईल का, हे त्या कंपनीत कुणालाच माहीत नाही,” मार्गदर्शक मॅडम म्हणाल्या. “समस्या म्हणून मला एवढं पुरेसं वाटतं.”

अध्यक्षांनी मिटलेले कागद पुन्हा उघडले. शीर्षक बदलून, प्रस्ताव मंजूर.

बाहेर पायऱ्या उतरता उतरता साहेब थांबले. “म्हणजे संस्कृती म्हणजे गाणीबिणी नव्हती,” ते म्हणाले.

“नव्हती साहेब.”

“आणि पहिल्या मसुद्यात मला काय म्हटलं होतं तुम्ही?”

“निरंकुश.” बाईंनी आवाज खाली आणला. “रागावू नका. त्याचा अर्थ असा, की—”

“कळ…” साहेबांनी अर्धा शब्द गिळला. “बोला. काय अर्थ?”

बाईंनी सगळा अर्थ सांगितला. साहेबांनी सगळा ऐकला. मग गाडीचं दार उघडून धरत म्हणाले, “खरंच होतं ते. ते एक वाक्य काढू नका.”

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई कारखान्यात शिरल्या, तर सगळे गोदामात जमलेले. बातमी आधीच पोचली होती. बाईंना कुणीतरी गाद्यांच्या एका थप्पीवर चढवलं, आणि समोर मावशी, काका, हिशेबनीस, साहेब, सगळे त्यांच्या ओठांकडे बघत उभे राहिले.

“मी तुम्हा सगळ्यांची,” बाई म्हणाल्या, “म्हणजे तुमच्यामुळे मला…”

आणि थांबल्या. इतक्या वर्षांत इथे त्यांना वाक्याचा पहिला अर्धा भागच लागत आला होता. उरलेला कुणीतरी नेहमी पुरा करायचं. आज कुणीच मधे बोलत नव्हतं. काकांनी आडून काही सांगावं म्हणून बाईंनी त्यांच्याकडे बघितलं, तर काकांचेच डोळे भरून आले होते. साहेब हात बांधून उभे होते, दिवसभर थांबायची तयारी असल्यासारखे. बाईंना नवऱ्याच्या खारट भाज्या आठवल्या, मॅडमचे फोन आठवले, दवाखान्याबाहेर उभी असलेली कंपनीची गाडी आठवली. हे सगळं एका वाक्यात बसेना.

“…तर मी सगळ्यांना चहा सांगितलाय,” त्या डोळे पुसत म्हणाल्या.

मग गोदामात टाळ्या वाजल्या. आधी नाही.